आठ दिवस बादलीत

सहादू पगारेंच्या शेजारी बसून कुणी शांतपणे डबा खाल्लाय, असं मी चौदा वर्षांत एकदाही पाहिलं नाही. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ते पाणी तपासायच्या लॅबमध्ये मदतनीस होते आणि मी मीटर, गेज दुरुस्त करणारा फिटर. डब्याची सुट्टी आमची एकच. मी भाकरीचा पहिला तुकडा मोडला की त्यांचा प्रश्न तयार असायचा. "खंडेराव, पाल झोपती तवा भिंतीवरून पडत का नाय?" माझा स्वभाव तापट, त्यात भुकेच्या वेळी तर बघायलाच नको. मी म्हणायचो, "मला काय विचारता? पालीला विचारा." दुसरा कुणी यावर गप्प बसला असता. पगारे मान हलवायचे, "ते बी खरंय, बघितलं पायजे," आणि चार दिवसांनी पालीबद्दल न मागितलेली माहिती घेऊन हजर व्हायचे.

अंगाने किडकिडीत, जाड भिंगांचा चष्मा, शर्टाच्या खिशात घडी घातलेले लॉगशीटचे कागद. लॉगशीट म्हणजे तासातासाची नोंद करायचा रकान्यांचा तक्ता. पाण्याच्या तपासणीचं काय निघालं ते त्यात दर तासाला भरायचं, हे त्यांचं काम. शिक्षण सातवीपर्यंत, पण त्यांच्या तक्त्यात खाडाखोड सापडायची नाही. कॉलनीत त्यांचा क्वार्टर माझ्या समोरच्या रांगेत होता, त्यामुळे डब्याच्या सुट्टीत उरलेले प्रश्न संध्याकाळी घरपोच मिळायचे.

घरपोच म्हणजे दारापर्यंत. हे सांगितलं पाहिजे. त्र्याहत्तर साली माझी आई गावाहून आली होती. पगारे घरी आले, तर आईने त्यांना वेगळ्या कपात चहा दिला आणि तो कप नंतर धुऊन बाहेर खिडकीत पालथा ठेवला. मी पाहिलं आणि तोंडातून शब्द काढला नाही. एरवी सायकलच्या पंक्चरवरून माणसांच्या अंगावर जाणारा मी, तिथे मात्र गप्प बसलो. पगारेंनीही पाहिलं. त्यानंतर ते माझ्या घरी येतच राहिले, पण उंबऱ्याबाहेर उभं राहून बोलायचे. "आत या" म्हटलं की "घाई हाय" म्हणायचे आणि तासभर उभे राहायचे. जगातला प्रत्येक प्रश्न मला विचारणाऱ्या या माणसाने तो एक प्रश्न मला कधी विचारला नाही. मला त्याची आजही लाज वाटते.

माशांचं वेड त्यांना लागलं ते शहात्तरमध्ये, आणि तेही जेवणापायी. एका रविवारी त्यांनी बंधाऱ्यावरच्या भोयांकडून चिलापी आणली होती. त्यांच्या पत्नी भिमाबाई मागच्या दारी मासे साफ करत होत्या. एका मासळीचं तोंड उघडलं तर आतून मोहरीएवढी पिल्लं भराभरा बाहेर पडली, आणि ती जिवंत. "अवो, ही बघा, हिनं पोरं खाल्ली," असं भिमाबाई म्हणाल्या. पगारेंनी पिल्लं बादलीत घेतली, उरलेले मासे भोयांना परत केले आणि त्या दिवशी घरात पिठलं झालं.

मग माझ्या डोक्याशी कटकट सुरू झाली. "खाल्ली म्हणावं तर पोटात पायजेत. तोंडात का?" मी म्हटलं, अर्धवट खाल्ली असतील. त्यावर त्यांचा विश्वास बसला नाही. सुट्टीच्या दिवशी ते नाशकात वाचनालयात जाऊन बसायला लागले. इंग्रजी पुस्तक एका हाती, शब्दकोश दुसऱ्या हाती, आणि मधे लॉगशीटची कोरी बाजू. दोन महिन्यांनी उत्तर सापडलं. या माशांच्या कुळाला सिक्लिड म्हणतात. त्यांतल्या काही जातींत आई अंडी तोंडात घेऊन उबवते, पिल्लं मोठी होईपर्यंत धोका दिसला की पुन्हा तोंडात घेते, आणि तेवढे दिवस काही खात नाही. धावत घरी येऊन त्यांनी हे भिमाबाईंना सांगितलं. त्या भाकरी थापत म्हणाल्या, "मग? आईच हाय ती." त्यांना त्यात नवल असं काही वाटलंच नाही.

पण पगारेंना त्याच पुस्तकात दुसरं नवल सापडलं होतं. या कुळात शेकडो जाती, आणि जवळजवळ सगळ्या भांडकुदळ. जो तो टाकीचा एक तुकडा आपला म्हणून धरतो आणि दुसऱ्याला तिथे फिरकू देत नाही. वेगवेगळ्या जाती एका टाकीत ठेवू नयेत, असं पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं. "का ठेवू नये?" पगारेंनी मला विचारलं. मी म्हटलं, लिहिलंय ना. ते म्हणाले, "लिवणाऱ्यानं ठेवून बघितले असतील का?"

अठ्ठ्याहत्तरमध्ये त्यांच्या बाहेरच्या खोलीत खिडकीखाली टाकी उभी राहिली. चार फूट लांब, लोखंडी अँगलची चौकट, पुट्टीने बसवलेल्या काचा, आत लपायला दगडांची रास, खाली त्यांनीच करून घेतलेला स्टँड. मासे आणायला ते पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला क्रॉफर्ड मार्केटला गेले आणि फुगवलेल्या पिशव्या मांडीवर घेऊन परत आले. त्यातला एक काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, त्याला ते 'कैदी' म्हणायचे. एक गळा लाल असलेला, तो 'लालगळ्या'. एक निळ्या ठिपक्यांचा. आणि एक ऑस्कर, मोठ्या तोंडाचा, कुणी खोलीत आलं की काचेपाशी येऊन टक लावून बघणारा.

आणि पहिल्याच फटक्याला त्यांनी ते सगळे मारले. हे पाप वीज केंद्रातल्या माणसाच्याच हातून व्हायचं. बॉयलरमध्ये साधं पाणी चालत नाही, नळ्यांना आतून पांढरा थर बसतो. म्हणून त्यातले सगळे क्षार काढून टाकतात. त्याला आम्ही डीएम पाणी म्हणतो. पगारेंना त्या पाण्याचा असा अभिमान, जणू ते त्यांच्या घरच्या विहिरीचं असावं. जगातलं सगळ्यात शुद्ध पाणी माशांना द्यायचं म्हणून त्यांनी केमिस्ट साहेबांची परवानगी काढली आणि दहा दिवस सायकलला कॅन बांधून पाणी वाहिलं. मासे सोडले. पहिल्या दिवशी ते तळाशी बसून राहिले, तिसऱ्या दिवशी सगळे उलटे.

पगारे काळवंडून गेले होते. तीन-तीनदा पाणी तपासून तक्ता माझ्यापुढे धरला. "बघा, खंडेराव. क्षार शून्य, सिलिका शून्य. काय बी खोट नाय."

"काहीच नाही त्यात, हीच खोट!" मी वैतागून म्हणालो. मला घरी जायचं होतं, बाकी काही नाही.

त्यांनी मांडीवर थाप मारली. माझ्या वैतागातून त्यांना उत्तर मिळालं होतं. दुसऱ्या खेपेचे मासे त्यांनी कॉलनीतल्या बोअरच्या पाण्यात सोडले, ज्याने आमच्या चहाच्या पातेल्यांना चुन्यासारखा थर बसायचा. मासे मजेत राहिले. ज्या क्षारांशी आम्ही तिन्ही शिफ्ट लढायचो, तेच त्या जिवांना हवे होते. "बॉयलर येगळा, जीव येगळा," पगारे कितीतरी दिवस येईल त्याला सांगत होते.

मजेत राहिले म्हणजे जगले. भांडणं व्हायचीच होती. महिनाभरात कैदी माजला. साडेतीन फूट टाकी त्याने एकट्याने धरली आणि बाकीचे उरलेल्या कोपऱ्यात, वर हवेच्या नळीपाशी, पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून राहायला लागले. लालगळ्याची शेपटी फाटली. मी म्हटलं, काढून टाका तो कैदी. पगारे म्हणाले, "काढला तर मला कळायचं काय?" त्यांनी लॉगशीट काढलं. वरच्या ओळीत दाब, तापमान याऐवजी माशांची नावं, डावीकडे तास. कोण कुठे, किती वेळ. दोन महिने. घरी त्यांना चहा दिला तर तो निवायचा.

एकदा पुट्टी गळायला लागली म्हणून टाकी रिकामी करावी लागली. डागडुजी होईपर्यंत कैदी एका मोठ्या बादलीत, हवेची नळी लावून, आठ दिवस राहिला. दगड परत मांडताना पूर्वीसारखे मांडले गेले नाहीत, आणि आधी बाकीचे मासे सोडले, कैदी सगळ्यांत शेवटी. आणि काय सांगावं, टाकीत शांतता! कैद्याला आपली जागा सापडेना. बाकीच्यांनी तोवर आपापली भोकं धरली होती. तो इकडेतिकडे फिरला आणि एका दगडामागे निमूट राहिला. पगारेंनी ते पुन्हा करून पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं. मग नियम लिहून काढला, तो मी त्यांच्या अक्षरात वाचलाय: 'भांडण वाढल्यास सर्व दगड फिरवावेत. जुनी जागा कोणाचीच ठेवू नये. दांडगा मासा आठ दिवस बादलीत. सर्वांत शेवटी सोडावा.' त्या नियमावर त्यांची टाकी सहा वर्षं चालली. नाशिक रोडहून लोक बघायला यायचे.

त्र्याऐंशी साली भिमाबाई काविळीने गेल्या. त्या वर्षी पगारेंनी मला एकही प्रश्न विचारला नाही. डब्याच्या सुट्टीत सुनंसुनं वाटायचं आणि मी अर्धी भाकरी घरी परत न्यायचो. ते घरी टाकीसमोर खुर्ची टाकून बसायचे. घरात मुलगा मल्हारी, नवी सून लता. लताने घर हातात घेतलं आणि चांगलं घेतलं, हे मी पाहिलेलं आहे.

पंच्याऐंशीच्या जानेवारीत मुलगी चांगुणा मालेगावहून परत आली. नवरा तिथे यंत्रमागावर होता. त्याने दुसरी बाई घरात आणून बसवली होती आणि वर हिलाच मारायचा. चांगुणा आली ती एक ट्रंक, एक शिलाई मशीन आणि दोन वर्षांची मुलगी घेऊन. पगारेंनी दारातच सांगितलं, "आता जायचं नाय."

पण सांगणं सोपं आणि राहणं अवघड. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मशीन ठेवायला जागा नाही म्हणून ते गॅलरीत पोत्याखाली. चांगुणा स्वयंपाकघरात निजायची. भांडण लागलं ते चहाच्या पावडरीच्या डब्यावरून. भिमाबाई तो डबा स्टोव्हशेजारी ठेवायच्या, लता वरच्या फळीवर. चांगुणा सकाळी तो खाली आणायची, लता दुपारी वर ठेवायची. "माझ्या आईचा ओटा हाय हा," असं एकीने म्हणायचं. "दोन वर्सं मी राबतेय हितं," असं दुसरीने. दोघींचंही खरं होतं, म्हणून तर ते मिटत नव्हतं. मल्हारी कानात बोटं घालून बाहेर पडायचा. एप्रिलच्या शेवटी चांगुणा म्हणाली, "आप्पा, मी जाते मालेगावला. बुद्धपौर्णिमा झाली की सोमवारी जाते. मार खायचाच तर आपल्या घरात तरी खाईन."

हे वाक्य मी माझ्या दारातून ऐकलं. तीन-चार दिवसांनी डब्याच्या वेळी पगारेंनी खिशातून तक्ता काढून माझ्यापुढे ठेवला. मला वाटलं मासे. वरच्या ओळीत नावं होती: मल्हारी, लता, चांगुणा, नात.

"तुम्ही घराचं लॉगशीट काढलंत?" माझा घास हातात राहिला. "माणसं आहेत ती, पगारे!"

"वाचा तर खरं."

मी चांगुणाचा रकाना वाचला. सकाळी सहा, मोरी. सात, दार. आठ, गॅलरी. नऊ, नळ. दहा, दार. तीन दिवसांच्या नोंदीत ती जागेपणी घरात कुठे टेकली असं एकदाही नव्हतं. मला फाटक्या शेपटीचा लालगळ्या आठवला, हवेच्या नळीपाशी लटकलेला. मी तक्त्याची घडी घालून तो परत दिला.

पौर्णिमेच्या दिवशी कॉलनीतली मंडळी पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे घालून बसने नाशकात कार्यक्रमाला गेली. मल्हारी, लता, चांगुणा, सगळे गेले. पगारे मागे राहिले आणि माझ्या दारात आले. "खंडेराव, जरा हात लावायला या. दगड फिरवायचेत."

गेलो तर टाकीला हात नाही. घर फिरवायचं होतं. भर मे महिन्यात आम्ही दोन म्हातारपणाकडे झुकलेल्या माणसांनी खाटा ओढल्या, कपाट ढकललं, मांडणी या भिंतीवरून त्या भिंतीवर ठोकली, स्टोव्ह ओट्याच्या दुसऱ्या टोकाला नेला, डाळी-पिठांचे सगळे डबे अदलाबदल केले. चार तास. पण ट्रंक आणि मशीन काही बसेना. मधल्या खोलीत ठेवावं तर खाट अडते, स्वयंपाकघरात ठेवावं तर दार लागत नाही. पगारे पुन्हा तक्ता उघडून बघायला लागले. माझ्या अंगातून घाम निथळत होता आणि पित्त खवळलं होतं.

"काय बघताय त्यात सारखं? आणि त्यात तुमचा रकाना कुठे आहे?"

"माझा?" ते चमकले. "लॉगशीट भरणारा सोताची नोंद करत नाय, खंडेराव."

"मग मी करतो. सकाळी सहा, टाकीसमोर. सात, टाकीसमोर. आठ, टाकीसमोर!"

बोललो आणि जीभ चावली. पगारे खुर्चीत बसले. खुर्ची टाकीसमोरच होती. त्यांनी टाकीकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. घरातली उजेडाची भिंत तेवढी एकच. चार फूट टाकी, दोन फूट खुर्ची, शेजारी त्यांची खाट. ऑस्कर काचेपाशी येऊन त्यांच्याकडे बघत होता. मला वाटलं, आता हे रडतील. पण त्यांनी चष्मा पुसला आणि नेहमी नवीन काही कळलं की मारायचे तशी मांडीवर थाप मारली, फक्त हळू.

"दांडगा सापडला," ते म्हणाले. "बादल्या आणा."

आम्ही मासे बादल्यांत घेतले, टाकी रिकामी केली, शेजारची चार माणसं बोलावून ती माझ्या घरी नेली, तिथे पाणी भरून मासे पुन्हा सोडले. खिडकीखाली मशीन बसवलं, शेजारी ट्रंक. मग पगारेंनी एका पिशवीत दोन सदरे, दाढीचं सामान घातलं आणि माझ्यासोबत निघाले.

"तुम्ही कुठे?"

"आठ दिवस," ते म्हणाले. "नियम हाय." मग माझ्या उंबऱ्याशी थांबले. बारा वर्षं थांबायचे तिथेच. "तुमची अडचण नसंल तर."

"आत या," मी म्हणालो. माझी बायको साळूबाई आतून ओरडली, "टाकी गळतीय, आधी फडकी आणा, मग या!" पगारे घाईने आत आले आणि आम्ही तिघे गुडघ्यावर बसून फरशी पुसू लागलो. सुकलेली पुट्टी दोन दिवस गळत होती. साळूबाईने त्यांचं ताट आमच्या ताटांशेजारी मांडलं आणि चहा घरातल्याच कपात दिला. मी त्या कपाकडे बघत होतो. त्यांनी बघितलं की नाही, मला माहीत नाही.

संध्याकाळी नाशकातून बस आली. मी त्यांच्या घरी गेलो, कारण खरं सांगायचं तर मलाही बघायचं होतं. दोघी स्वयंपाकघरात मधोमध उभ्या. लताने एक डबा उघडला, डाळ. चांगुणाने दुसरा उघडला, मीठ. "चहाची पावडर कुठंय, काका?" दोघींनी एकदमच मला विचारलं. मी स्वतः ठेवली होती, पण कुठे ते मलाही आठवेना. मग त्या दोघीच एकेक झाकण उघडत शोधायला लागल्या. सापडली तेव्हा चांगुणाने बाहेरच्या खोलीत पाहिलं. "आप्पांची टाकी? आप्पा कुठं हायेत?"

"माझ्याकडे. आठ दिवसांनी येतील."

सोमवार आला. चांगुणा म्हणाली, आप्पा घरी नसताना कशी जाऊ. पगारे माझ्याकडे टाकीसमोर बसून होते. स्वतः बघायला जायचं नाही हा त्यांचा हट्ट, म्हणून लॉगशीट माझ्या गळ्यात. आयुष्यभर ज्यांच्या प्रश्नांवर खेकसलो, त्यांच्यासाठी मी नळावर उभा राहून समोरच्या घरात डोकावत होतो. "फकस्त चांगुणा कुठं हाय तेवढं सांगा." पहिले दोन दिवस मी सांगितलं, दारात. तिसऱ्या दिवशी, खिडकीत, मशीनवर. सहाव्या दिवशी सांगितलं, "ओट्यापाशी. भांडतायत दोघी."

"उभ्यानं का बसून?"

"बसून. कांदे चिरतायत."

"मग भांडू द्या," पगारे म्हणाले आणि किती महिन्यांनी हसले.

नवव्या दिवशी सकाळी दोघी मिळून माझ्या दारात आल्या. चांगुणाच्या कडेवर मुलगी. "आप्पा, चला घरी."

पगारे उठले नाहीत. त्यांनी विचारलं, आणि पालीबद्दल विचारायचे तसंच, खरोखर माहीत करून घ्यायचं म्हणून विचारलं, "जागा हाय का?"

उत्तर लताने दिलं. "केलीय, मामा. दाराजवळ. तिथं वारा येतो. ताईनं आन् मी खाट सरकावली."

पगारेंनी ऑस्करला शेवटची गांडुळं घातली, मला म्हणाले, "हे राहू द्या तुमच्याकडंच," आणि पिशवी उचलली. मी दारात उभा राहून पाहत होतो. रांगेपलीकडे ते आपल्या घरापाशी पोचले, चपला काढल्या आणि उंबऱ्याबाहेरच थांबले.

"आत या ना, आप्पा," आतून चांगुणाचा आवाज आला.

मग ते आत गेले.